आठ मात्रांची जागा

आमच्या घरात काळजीचं खातं आईकडे होतं. बाबा रेल्वेत इंजिनीयर. डब्यांच्या आणि रुळांच्या चाचण्या घेणाऱ्या कार्यालयात ते दिवसभर काय काय मोडू शकतं याचाच विचार करत आणि संध्याकाळी घरी आले की चप्पल काढता काढता तो विचारही दाराशी काढून ठेवत. आईला असं दारच नव्हतं. दूध उतू जाईल, पाणी जाईल, मुक्ताचा पेपर राहील, सांगलीच्या आजोबांनी गोळी घेतली असेल की नाही, सगळ्या काळज्या तिच्याकडे सारख्याच मानाने राहत. आमचं घर सरोजिनी नगरात, कानपूर रोडवरून आत वळलेल्या गल्लीत. विमानतळ इतका जवळ की विमान जाताना बोलणं थांबवावं लागे. आई वाक्याच्या मधल्या शब्दावर थांबायची आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची. पाहुण्यांना मौज वाटे, आम्हाला सवय होती. ती मराठीत बोलायची आणि मी हिंदीत उत्तरं द्यायची. ‘मुक्ते, ताट घेतलंय’ म्हटलं की ‘हाँ, आ रही हूँ’. आता मी हे मराठीत लिहायला बसले आहे, आणि वाक्य अडलं की आधी तिचा आवाज कानात आणते, मग ते सुटतं.

आई छावणीच्या बाजूच्या एका शाळेत संगीत शिकवायची. मुलं तिला ‘म्यूज़िक मैम’ म्हणत, निम्म्यांना तिचं नावही ठाऊक नसेल, पण तिला त्याचं काही वाटत नसे. गल्लीत ती ‘महाराष्ट्र वाली भाभी’ होती, बाबांच्या कार्यालयात ‘मिसेस’ होती, माझ्या शाळेत माझी मम्मी. स्वतःच्या गळ्यासाठी ओळखली जाण्याची जागा साऱ्या लखनौत ती एकच. सकाळी साडी नेसून, हातात डबा घेऊन निघताना तिच्या चालण्यात जो एक ठसका असे, तो परत येताना मावळलेला असे, आणि मला लहानपणापासून तो ठसका बघायला आवडायचा.

सहावीच्या वर्गासाठी तिने स्वतः एक गाणं केलं होतं. शब्द अगदी साधे: ‘चलो रे साथी, जाना है दूर, गोमती के संग-संग जाना है दूर.’ चालही सोपी, पण दुसऱ्या ओळीतला ‘दूर’ आठ मात्रा धरायचा. एकच सूर, न हलवता. तिथे आली की आई डोळे मिटायची, उजवा तळहात खांद्याशी उभा धरायची आणि डाव्या हाताच्या बोटांनी पेटीच्या लाकडावर मात्रा मोजायची. आठ पुऱ्या झाल्या की तळहात खाली, आणि गाणं पुढे. मुलांचे चेहरे लाल व्हायचे, कुणाला हसू फुटायचं, कुणी पाचव्या मात्रेवरच माघार घ्यायचा. ‘त्या आठ मात्रांसाठीच तर गाणं आहे,’ ती म्हणायची. ‘बाकीचे शब्द आपले सोबतीला.’ मूल एका सुरावर आठ मात्रा टिकलं की त्याला पुढे काहीही शिकवता येतं, अशी तिची पक्की समजूत होती.

मग शाळा बंद झाल्या. विमानं थांबली, गल्लीत कधी नव्हे ती मोरांची केकाटणी ऐकू यायला लागली, आणि आईचा वर्ग आमच्या बैठकीच्या खोलीत आला. लॅपटॉपखाली पिठाचा आणि तांदळाचा असे दोन डबे, समोर पेटी, मागे भिंतीवर बाबांनी खिळे ठोकून लावलेली चादर, कारण मागचं कपाट दिसू नये. मी आतल्या खोलीत माझ्या अकरावीच्या वर्गात, कानांत हेडफोन घालून. कुकरची शिट्टी वर्गात जाऊ नये म्हणून त्या दिवसांत सकाळी वरणाला बंदी होती, आम्ही तहरीवर, म्हणजे इकडच्या मसालेभातावर, किंवा कालच्या पोळीच्या चिवड्यावर भागवायचो. आणि रोज, बरोबर वर्ग सुरू होताना, आईचा तो प्रश्न: ‘बच्चों, आवाज़ आ रही है?’

समोर काळ्या चौकोनांची जाळी. डेटा वाचवायला मुलं कॅमेरा बंद ठेवत. सगळ्यांचे माइक बंद, कारण पहिल्याच दिवशी तिने हौसेने सर्वांना एकत्र गायला सांगितलं होतं, आणि प्रत्येकाचा आवाज आपापल्या वेळेने पोचून असा काही गोंधळ उडाला होता की आतून बाबा धावत आले होते. तेव्हापासून ती एकटी गायची आणि चाळीस काळे चौकोन गप्प बसून ऐकायचे, किंवा ऐकत नसायचे. तिला कळायला मार्ग नव्हता. कुणी अंगठ्याचं चित्र पाठवलं की तिचा चेहरा उजळायचा. जेवताना सुद्धा ती बाबांना काहीतरी सांगता सांगता थांबून विचारायची, ‘आवाज येतोय ना?’ बाबा हसायचे. मला हसू येत नव्हतं. रिकाम्या खोलीत माणूस महिनोन् महिने डोळे मिटून गातोय, हे मला रोज बघवत नसे, म्हणून मी दार लोटून घ्यायची.

शेवटच्या पाच-दहा मिनिटांत ती एकेकाचा माइक उघडायला लावायची आणि एकेक ओळ म्हणून घ्यायची. झोया नावाची एक मुलगी होती. तिच्या वडिलांची ई-रिक्षा होती आणि घरात फोन एकच, म्हणून ती गोमती नगरातल्या स्टँडवर रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून वर्ग करायची. तिचा माइक उघडला की आधी हॉर्न यायचे, ‘पॉलिटेक्निक, पॉलिटेक्निक’ अशा, त्या चौकाच्या प्रवाशांना बोलावणाऱ्या हाका यायच्या, आणि मग त्यातून एक बारीक, सरळ, धारदार आवाज. ‘गोमती के संग-संग जाना है...’ आणि त्यापुढे काही नाही. आई कान लॅपटॉपला लावायची. ‘बेटा, आपकी आवाज़ कट गई.’ झोया म्हणायची, ‘मैम, नेट होगा.’ दुसऱ्या मुलाचं तेच, तिसऱ्याचंही तेच. ‘हे नेट पण नेमकं माझ्या आठ मात्रांवर बसलंय,’ आई वैतागून म्हणायची. आम्हा सर्वांची तीच समजूत होती, कारण त्या वर्षी जे जे कुठे पोचत नव्हतं ते सारं नेटच्या माथी मारायची पद्धतच पडली होती.

हिवाळा आला. लखनौचा हिवाळा म्हणजे मटार. हातगाडीवाला भैया ढीग ओतून जायचा, आणि उन्हात गच्चीवर बसून सोलायचे, मग त्यांची वाटून आमटी, म्हणजे निमोना, नाहीतर घुघनीची उसळ करायची. आईला काळजी लागली की ती मटार सोलायची, त्यामुळे किती मटार सोलले आहेत यावरून घरातलं हवामान कळायचं. त्या जानेवारीत एका दुपारी मी वर गेले तर परातच्या परात भरलेली, आणि आई अजून सोलतेच आहे.

‘क्या हुआ?’ मी विचारलं.

‘सक्सेना मॅडमचा फोन होता.’ सक्सेना मॅडम म्हणजे तिच्या प्रिन्सिपल, बोलायला सरळ, मनाने वाईट नाहीत. ‘नव्या सत्रापासून संगीताची जागा ठेवायची का, असा विचार चाललाय. ट्रस्टचे लोक म्हणतात, मुलं लॉगिन करतात आणि झोपतात. मॅथ्सची टेस्ट घेता येते. मला म्हणाल्या, मैम, म्यूज़िक में प्रूफ़ क्या है?’

‘तो आपने क्या कहा?’

‘काय सांगणार? मला तरी कुठे माहीत आहे?’ तिने एक शेंग फोडली आणि दाणे परातीऐवजी टरफलांत टाकले. ‘मुक्ते, खरं सांगू? मला पण वाटतं ते झोपतच असतील.’

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. जागा जाईल याची भीती एक, पण वर्षभर आपण भिंतीशी गात होतो ही भीती त्याहून मोठी होती, आणि ती तिने पहिल्यांदा तोंडाने काढली होती. मी तिच्याजवळ बसून गुपचूप टरफलांतले दाणे वेचले. संध्याकाळी बाबा म्हणाले, ‘अगं, चाचणीच घ्यायची आहे ना? घेऊ दे की.’ आई त्यांच्यावर खेकसली, ‘अहो, ही काय तुमची बोगी आहे?’ बाबांनी निमोना आणखी वाढून घेतला.

चाचणी ठरलीच. सहावी ते आठवी अर्धे दिवस शाळेत, अर्धे घरी, असं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. सहावीच्या वर्गाने, निम्म्या मुलांनी हॉलमध्ये आणि निम्म्यांनी पडद्यावरून, ट्रस्टच्या एका सरांसमोर गाणं म्हणायचं. पण ते आधी मुलांकडून घटवून घ्यायचं नाही, कारण मग वर्षभर काय शिकवलं ते कसं कळणार? आईच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या शाळेचा तो घरचा दिवस होता, म्हणून लॅपटॉप आणि स्पीकर सांभाळायला मी तिच्याबरोबर गेले. वाटेत छावणीचे ते रुंद, शांत रस्ते, झाडांच्या बुंध्यांना चुना फासलेला, आणि स्कूटरवर मागे बसलेली आई माझ्या खांद्यावर नकळत बोटांनी आठ मात्रा मोजत होती. पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा.

हॉलमध्ये मुलं लांब लांब उभी केलेली, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. वर्षभरात ती इतकी वाढली होती की आईला कुणी ओळखू येईना. एक उंच, सडपातळ मुलगी पुढे येऊन ‘मैम, मैं ज़ोया’ म्हणाली तेव्हा आईने तिचा हात धरायला हात पुढे केला आणि नियम आठवून मागे घेतला. पडद्यावर बाकीची मुलं, त्या दिवसापुरता कॅमेरा चालू ठेवायला सांगितलेली. कुणाच्या मागे देवघर, कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे. त्यांचे माइक बंद, कारण त्यांचा आवाज उशिरा येऊन गोंधळ झाला असता. त्यांनी घरी गायचं आणि आम्ही त्यांचे हलणारे ओठ पाहायचे, एवढंच. ट्रस्टचे सर पहिल्या रांगेत, शेजारी सक्सेना मॅडम. पेटी आणली होती, पण आईचे हात इतके गार पडले होते की तिने फक्त ‘सा’ दिला, आणि भाता सोडून ती उभी राहिली.

‘चलो रे साथी, जाना है दूर...’

मुलं गायली. मास्कमधून, दबलेली, पण सुरात! आईची मान किंचित हलली, जणू तिला विश्वास ठेवायला कुणी परवानगी दिली. ‘गोमती के संग-संग जाना है...’ आईने डोळे मिटले आणि तळहात उभा धरला.

आणि सगळं थांबलं. हॉलमधल्या प्रत्येक मुलाने आपापला उजवा तळहात खांद्याशी उभा धरला आणि सगळी गप्प झाली. एकाचाही आवाज चुकून बाहेर आला नाही. क्षणभराने पडद्यावर, नेटच्या उशिराने, एकेका चौकोनात तळहात वर यायला लागले, ओठ मिटलेले. वर पंखा फिरत होता तेवढाच आवाज. आईने डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, तिला वाटलं की मुलं विसरली. पण मुलं विसरली नव्हती. बरोबर आठ मात्रांनंतर सगळे तळहात एकदम खाली आले, आणि ‘चलो रे साथी’ पुन्हा सुरू झालं, जागच्या जागी, एका दमात.

तोवर मला उमगलं होतं, आणि मला वाटतं तिलाही. मी वर्षभर आतल्या खोलीतून, भिंतीतून, ते गाणं खऱ्या आवाजात ऐकत होते. पलीकडे मुलांना काय ऐकू येतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तो वर्गाचा प्रोग्राम शहाणा होता: पंखा, मिक्सर, असा एकसारखा चालणारा आवाज आला की तो गोंगाट समजून आपोआप गाळून टाकायचा. आणि माझ्या आईचा आठ मात्रांचा ‘दूर’, न हलणारा, न थरथरणारा, अगदी तिने घोटून घोटून सरळ केलेला, त्याने पंख्यासारखाच गाळून टाकला होता. मुलांनी जे पाहिलं आणि जे ऐकलं ते बिनचूक उचललं होतं. मिटलेले डोळे, उभा तळहात आणि शांतता.

दुसऱ्या खेपेला तीच शांतता आली. तिसऱ्या खेपेला तळहात वर गेले तेव्हा आई गायली. एकटी. मास्क खाली ओढून, डोळे उघडे ठेवून, त्या तयार, स्वच्छ, रिकाम्या जागेत तिने ‘दूर’ ठेवला, आणि आठही मात्रा तो हॉलमध्ये उभा राहिला. मुलं तोंडावरच्या मास्कसकट तिच्याकडे बघत राहिली. गाणं संपल्यावर झोयाने हात वर केला आणि विचारलं, ‘मैम, यहाँ गाना भी होता है?’

ट्रस्टच्या सरांनी टाळ्या वाजवल्या. ‘बहुत बढ़िया! वो जो पॉज़ दिया है न मैम, कमाल का डिसिप्लिन है.’ आईला ‘थँक्यू सर’ म्हणून गप्प बसता आलं असतं. मी तर मनातल्या मनात तिला तेच विनवत होते. आमच्या घरातली काळजी आता माझ्याकडे आली होती, आणि काळजी माणसाला भित्रं करते.

‘वो पॉज़ नहीं है, सर,’ आई म्हणाली. ‘वहाँ आठ मात्रा का सुर है. लैपटॉप ने काट दिया, मुझे पता ही नहीं चला. इन्होंने वही सीखा जो सुना.’

सरांचे हात टाळीच्या मध्येच राहिले. ‘मतलब गाना ग़लत है?’

‘जी, ग़लत है.’ आईने पडद्याकडे आणि समोरच्या रांगांकडे हात केला. ‘पूरी क्लास का ग़लत है, सर, और एक जैसा ग़लत है. घर वाले भी, यहाँ वाले भी. जो बच्चा सो रहा हो, उससे यह ग़लती नहीं हो सकती.’

सर सक्सेना मॅडमकडे बघायला लागले. मॅडम पडद्याकडे बघत होत्या. तिथे एक-दोन मुलांनी अजून तळहात खाली घेतला नव्हता, त्यांच्याकडे गाणं अजून संपत होतं. आम्ही वायरी गुंडाळून निघालो तेव्हा दाराशी येऊन मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘मैम, अप्रैल का टाइमटेबल बना रही हूँ. सिक्स्थ के पीरियड सुबह रखूँ? सुबह गला अच्छा रहता है न?’ आई स्कूटरवर बसली आणि छावणीचे रस्ते संपेपर्यंत माझ्या पाठीला डोकं टेकून रडली. घरी येऊन तिने कुकर लावला, भर दुपारी, तीन शिट्ट्या होऊ दिल्या, आणि आम्ही वरणभात जेवलो.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण एप्रिल आला तो कसा, हे त्या शहरात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. शाळा पुन्हा बंद झाल्या. कानपूर रोडवरून दिवसभर ॲम्ब्युलन्स जायच्या, आणि आई पूर्वी विमानासाठी थांबे तशी आता त्यांच्यासाठी थांबायची. फक्त त्या गेल्यावर कुठल्या शब्दापासून सुरू करायचं ते तिला आठवत नसे. तरी वर्ग चालू होता, तीच मुलं, आता सातवीतली. लॅपटॉपमध्ये शोधून शोधून मी ते आवाज गाळणं बंद केलं होतं, मुलांच्या घरीही ते कसं बंद करायचं ते एकेका पालकाला फोनवरून समजावलं होतं. रोज एक-दोन चौकोन कमी असायचे. आई विचारायची नाही, कारण उत्तराची भीती वाटायची. झोया बरेच दिवस आली नव्हती. मग एक दिवस तिचं नाव पडद्यावर दिसलं. ना हॉर्न, ना हाका. रिक्षा घरीच उभी होती, वडिलांचा ताप नुकता उतरला होता.

‘आज सब माइक खोलो,’ आई म्हणाली. मी आतून ओरडले, ‘आई, गोंधळ होईल!’ माझ्या तोंडून मराठी निघालं ते तिच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे. ‘होऊ दे,’ ती म्हणाली आणि तिने तळहात उभा धरला.

‘दूर’ आला. आधी एकाचा, मग दुसऱ्याचा, मग चार जणांचा, कुणाचा तुटका, कुणाचा उशिरा. ज्या उशिराने वर्षभर आमच्या नाकी नऊ आणले होते, त्याच उशिरामुळे तो सूर संपेचना. एकाचा श्वास संपला की दुसऱ्याचा पोचायचा. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी हेडफोन काढून बाहेर आले. आठ मात्रा कधीच होऊन गेल्या होत्या. हळूहळू एकेक आवाज विझला, खोली शांत झाली, पण आईने हात खाली घेतला नाही. ‘अगं, झालं की,’ बाबा हलकेच म्हणाले. तिने मान हलवली, नाही म्हणून. आम्ही तिघंही त्या लॅपटॉपकडे बघत राहिलो. मग, सगळ्यांच्या नंतर, गोमती नगरच्या पलीकडून कुठून तरी, एक बारीक सरळ आवाज येऊन पोचला, आणि तो पुरा होईपर्यंत आईने तळहात तसाच धरून ठेवला.